बिल्ला नाही, पत्रा बघा: पहिल्या पिढीची मस्टँग कशी ओळखायची

‘१९६५ मस्टँग, फास्टबॅक, २८९ व्ही-८, जीटी.’ अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना अशी एखादी ओळ हमखास समोर येते. ओळ छोटी असली तरी तिच्यात चार स्वतंत्र दावे आहेत: गाडीचं साल, तिची बॉडी, तिचं इंजिन (व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं, २८९ हा त्याच्या आकाराचा घन इंचातला आकडा) आणि कारखान्यातूनच बसवून आलेलं जीटी पॅकेज, म्हणजे जादा भागांचा संच. चारही खरे असतील तर गाडीला एक भाव. त्यातला एखादा जरी खोटा निघाला, तरी भाव बराच खाली येतो. चांगली गोष्ट ही की हे चारही दावे गाडीपाशी उभं राहून तपासता येतात आणि त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. एक टॉर्च, एक छोटा आरसा आणि कुठे बघायचं याची माहिती एवढं पुरतं.

मी इथे फक्त १९६४ ते १९६६ या काळातल्या फोर्ड मस्टँगबद्दल लिहितो आहे. १९६७ साली गाडी मोठी झाली, इंजिनांच्या यादीत भर पडली, आणि तिथून ओळखण्याचे नियमही बदलतात.

या गाडीत एवढी सरमिसळ का होते, ते आधी समजून घ्यायला हवं. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली. फोर्डने स्वतःच्याच फाल्कन या साध्या, स्वस्त गाडीचा पाया घेऊन त्यावर लांब बॉनेट आणि आखूड शेपटीची नवी बॉडी बसवली होती. मूळ किंमत २,३६८ डॉलर. त्या किमतीत सहा सिलिंडरचं लहान इंजिन आणि तीन गिअर मिळायचे. पुढे गिऱ्हाइकाने यादीतून हवं ते निवडायचं: मोठं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक, भारी सीटं. कॉलेजच्या मुलीची साधी गाडी आणि शर्यतीला न्यायची गाडी एकाच कारखान्यात, एकाच रांगेत, एकामागोमाग तयार होत होती. १९६५ या मॉडेल वर्षात ६,८०,९८९ आणि १९६६ मध्ये ६,०७,५६८ मस्टँग बनल्या, यामागे ही युक्तीच होती.

पण कारखान्याला जे बोल्ट लावून करता येत होतं, ते पुढे कोणालाही करता येऊ लागलं. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आज नवा बनवून मिळतो. त्यामुळे माझा नियम सोपा आहे. जी गोष्ट बदलायला जितकी अवघड, तिच्यावर तितका जास्त विश्वास ठेवायचा. बिल्ला काही डॉलरमध्ये येतो आणि पाच मिनिटांत बसतो. रंग बदलता येतो. इंजिनसुद्धा शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत बदलतं. चाकांचे हब, ब्रेक आणि मागचा ॲक्सल बदलायचा कंटाळा बरेच जण करतात. बॉडीचा सांगाडा बदलणं तर फार मोठं काम. आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर बदलणं हा सरळ गुन्हा आहे.

ठोकलेला नंबर

म्हणून सुरुवात नंबरापासून. बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे, मडगार्ड जिथे आतल्या पत्र्याला बोल्टने जोडलेलं असतं तिथे बघा. मडगार्डच्या काठाला एक अर्धगोल खाच कापलेली असते आणि त्या खाचेतून खालच्या पत्र्यावर ठोकलेली अक्षरं दिसतात. हाच नंबर मडगार्डखाली झाकलेल्या जागीही ठोकलेला असतो. तो बघायला मडगार्ड काढावं लागतं, त्यामुळे लबाडी करणारे पुष्कळदा तिथवर पोचत नाहीत. शेताच्या सातबाऱ्यावर जमिनीची कुंडली असते, तशी या अकरा आकडे-अक्षरांत गाडीची असते.

समजा नंबराची सुरुवात ‘५ एफ ०७ सी’ अशी आहे. पहिला आकडा साल सांगतो: ५ म्हणजे १९६५, ६ म्हणजे १९६६. दुसरं अक्षर कारखान्याचं. एफ म्हणजे मिशिगनमधलं डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. पाचवं अक्षर इंजिनाचं. उरलेले सहा आकडे म्हणजे गाडीचा अनुक्रमांक.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘मेटचन’ म्हणून ओळखला जाणारा कारखाना प्रत्यक्षात न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये होता आणि २००४ साली बंद झाला. ‘सॅन होजे’चा कारखाना शेजारच्या मिलपिटास गावात होता. तो १९८३ साली बंद पडला आणि त्याच इमारतीत पुढे ग्रेट मॉल उभा राहिला. एडिसन आणि मिलपिटास या दोन्ही गावांत आज आपली माणसं किती आहेत, ते वेगळं सांगायला नको. त्या मॉलमध्ये तुम्ही खरेदी केली असेल, तर नंबरात आर असलेल्या मस्टँग जिथे जन्मल्या त्याच जागेवर तुम्ही फिरला आहात.

नंबर वाचताना अक्षराची जागा महत्त्वाची असते. ‘६ टी ०७ टी’ या नंबरात टी दोनदा येतो. पहिला टी कारखान्याचा, दुसरा इंजिनाचा. सालही आधी बघायला हवं, कारण इंजिनाची अक्षरं वर्षागणिक बदलतात. १९६४ मध्ये एफ म्हणजे २६० घन इंचाचं इंजिन होतं, १९६८ मध्ये तेच अक्षर ३०२ घन इंचासाठी वापरलं गेलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवर रिव्हेट मारलेली एक पत्र्याची पट्टीही असते. तिच्यावर बॉडी, रंग, आतली सजावट, गाडी तयार झाल्याची तारीख, मागचा ॲक्सल आणि गिअरबॉक्स यांचे कोड असतात. बॉडीचा कोड हार्डटॉपसाठी ६५, फास्टबॅकसाठी ६३, कन्व्हर्टिबलसाठी ७६. त्यापुढे ए असेल तर साधी सजावट, बी असेल तर भारी, म्हणजे जिच्या सीटांवर धावते घोडे उमटवलेले असतात ती. तारखेत आधी दिवस आणि मग महिन्याचं अक्षर: १२ सी म्हणजे १२ मार्च. पट्टीवरची माहिती फार उपयोगी आहे, पण पट्टी नवी बनवून मिळते. ठोकलेला नंबर आणि पट्टी जुळत नसतील तर ठोकलेल्या नंबराचं ऐका, आणि पट्टी का बदलली ते विकणाऱ्याला विचारा.

१९६७ आणि त्यापुढच्या गाड्यांसाठी एक मोठी सोय आहे. फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत आणि नंबर दिला की त्या गाडीत कारखान्याने काय काय बसवलं होतं याचा अहवाल ते देतात. १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांना ही सोय नाही. या दोन वर्षांत गाडी हाच मुख्य पुरावा.

बॉडी: तीनच प्रकार, तरी घोटाळे होतात

हार्डटॉप सगळ्यात जास्त दिसते. छप्पर सपाट, मागची काच जवळजवळ उभी, आणि दाराच्या काचेमागे एक छोटी काच जी खाली करता येते. दोन्ही काचा खाली केल्या की मध्ये खांब उरत नाही. फास्टबॅकचं छप्पर थेट डिकीच्या टोकापर्यंत उतरत जातं आणि मागच्या छोट्या काचेच्या जागी पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी असते. ती शोभेची नाही. तिच्यातून गाडीतली हवा खरोखर बाहेर जाते. मागची सीट पुढे पाडून सामानाला जागा करता येते. कन्व्हर्टिबलचं कापडी छप्पर तर लांबूनच ओळखू येतं.

भाव फास्टबॅकला जास्त आहे, कारण ती कमी बनली: १९६५ मध्ये ७७,०७९ आणि १९६६ मध्ये फक्त ३५,६९८. त्याच दोन वर्षांत हार्डटॉप प्रत्येकी पाच लाखांच्या आसपास बनल्या. साहजिकच हार्डटॉपचं छप्पर कापून तिची फास्टबॅक करण्याचा उद्योग चालतो. पत्रा नवा मिळतो, आणि चांगला डेंटर-पेंटर हे काम इतकं सफाईदार करतो की बाहेरून काही कळत नाही. पण नंबरात ०७ असताना छप्पर फास्टबॅकचं असेल, तर बोलणं तिथेच संपलं. अशी बदललेली गाडी वाईटच असते असं मी म्हणत नाही. चालवायला ती छान असू शकते. फक्त तिला फास्टबॅकचा भाव देऊ नये.

कन्व्हर्टिबलच्या बाबतीत प्रश्न भावापुरता राहत नाही, सुरक्षिततेपर्यंत जातो. मस्टँगला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालचे पेटीसारखे आडवे भाग, खांब आणि छप्पर सगळं मिळून गाडीचा भार पेलतात. छप्पर काढलं की हा आधार जातो, म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलमध्ये दाराखालच्या पेट्या आतून जाड पत्र्याने मजबूत केल्या आणि पुढच्या सीटांखाली जादा पत्रा घातला. हार्डटॉपचं छप्पर नुसतं कापून केलेल्या ‘कन्व्हर्टिबल’मध्ये यातलं काही नसतं. अशी गाडी मधोमध वाकते, दारं नीट लागत नाहीत, आणि धडक बसली तर काय होईल ते सांगायला नको. गाडीखाली वाकून हा जादा पत्रा बघितल्याशिवाय कन्व्हर्टिबल घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. गंज खाऊन हेच भाग सडलेले असतील तर खऱ्या कन्व्हर्टिबललाही तोच धोका असतो.

साडेचौसष्ट की पासष्ट?

मार्च ते ऑगस्ट १९६४ या काळात बनलेल्या गाड्यांना शौकीन ‘साडेचौसष्ट’ म्हणतात. फोर्डच्या लेखी मात्र त्या १९६५ च्याच, नंबराचा पहिला आकडाही ५. मग ओळखायच्या कशा? चार्जिंग बघा. सुरुवातीच्या गाड्यांत लांबट नळकांड्याचा डायनॅमो आहे, नंतरच्या गाड्यांत आखूड, जाडसर ऑल्टरनेटर. मीटरवरच्या लाल दिव्यापाशीही आधी GEN (जनरेटर, म्हणजे डायनॅमो) आणि नंतर ALT (ऑल्टरनेटर) असं लिहिलेलं असतं. त्याहून पक्की खूण इंजिनाच्या अक्षरात आहे: यू, एफ आणि डी ही तीन अक्षरं १९६५ च्या नंबरांत फक्त या सुरुवातीच्या गाड्यांवर येतात. फास्टबॅक सप्टेंबर १९६४ मध्ये बाजारात आली, त्यामुळे ‘साडेचौसष्टची फास्टबॅक’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा.

१९६५ आणि १९६६ मधला फरक समोरून दिसतो. १९६५ ची पुढची जाळी मधाच्या पोळ्यासारखी आहे आणि घोड्याच्या चौकटीतून दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या निघतात. १९६६ ला बारीक आडव्या रेघांची जाळी आली आणि घोडा मोकळा झाला. जीटीवर मात्र आडव्या पट्ट्या राहिल्या. आत १९६५ च्या साध्या गाडीत फाल्कनचा लांब आडवा स्पीडोमीटर असतो, १९६६ मध्ये सर्वांना पाच गोल मीटर मिळाले. हे सगळे बोल्टने लागणारे भाग, म्हणून निर्णय नंबरावरच घ्यायचा.

इंजिन

आधी सहा की आठ सिलिंडर, ते बघा. सहाचं इंजिन अरुंद आणि लांब. सगळे सिलिंडर एका रांगेत, वर एकच लांब झाकण. आठचं इंजिन रुंद, दोन्ही बाजूंना एकेक झाकण आणि मध्ये वर कार्ब्युरेटर. फोर्डच्या या व्ही-८ ला डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) पुढे, पंख्याच्या बाजूला असतो. शेवरलेच्या लहान व्ही-८ ला तो मागे असतो. मस्टँगचं बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्युटर मागच्या भिंतीपाशी दिसला, तर आत भलत्याच घराण्याचं इंजिन असण्याची शक्यता मोठी.

आता माझी सगळ्यात आवडती खूण: चाकाचे बोल्ट मोजा. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार, व्ही-८ ला पाच. व्ही-८ साठी फोर्डने ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे आणि मागचा ॲक्सल सगळंच दणकट दिलं होतं. पुढे कोणी सहाची गाडी घेऊन तिच्यात व्ही-८ टाकला, तर बऱ्याचदा बाकीचं तसंच राहतं. चार बोल्टच्या चाकांवर व्ही-८ चालवणं म्हणजे लहान गाडीचे ब्रेक मोठ्या इंजिनाला लावणं. ओळख पटवण्याइतकंच हे जिवाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

सहा सिलिंडरमध्ये दोन प्रकार: यू अक्षराचं १७० घन इंच, म्हणजे साधारण २.८ लिटर आणि १०१ अश्वशक्ती. आणि टी अक्षराचं २०० घन इंच, ३.३ लिटर आणि १२० अश्वशक्ती. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ब्लॉकच्या कुशीत पाणी अडवणाऱ्या गोल बुचांकडे बघा: १७० ला तीन, मस्टँगच्या २०० ला पाच.

व्ही-८ मध्ये एफ म्हणजे २६० घन इंच, १६४ अश्वशक्ती. बाकी सगळी २८९ घन इंचाची, म्हणजे ४.७ लिटरची: सी दोन तोंडी कार्ब्युरेटरचं, २०० अश्वशक्ती, डी चार तोंडी, २१०, ए चार तोंडी आणि जास्त कॉम्प्रेशनचं, २२५, आणि के, २७१ अश्वशक्ती. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरची तोंडं मोजली की सी आणि ए मधला फरक लगेच कळतो. मात्र कार्ब्युरेटर आणि त्याखालचा मॅनिफोल्ड बदलणं हे एका दुपारचं काम आहे. या अश्वशक्तीच्या आकड्यांची आजच्या गाड्यांशी तुलना करू नका. ते इंजिन सुटं ठेवून, सायलेंसर आणि इतर ओझी न लावता मोजलेले आहेत. गाडीत बसल्यावरची ताकद सांगण्याची पद्धत अमेरिकेत १९७२ पासून रुळली.

१९६८ पासून आलेलं ३०२ घन इंचाचं इंजिन २८९ चं सख्खं भावंड आहे, आणि कितीतरी जुन्या मस्टँगमध्ये आज तेच बसलेलं असतं. बाहेरून फरक कळत नाही. पिस्टन वर-खाली किती फिरतो त्यात तो आहे: २८९ मध्ये २.८७ इंच, ३०२ मध्ये ३ इंच. इंजिन उघडलेलं असेल तर क्रँकशाफ्टवरचा ठसा बघा. १एम म्हणजे २८९ चा, २एम म्हणजे ३०२ चा.

के इंजिनाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच आहे. हे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं. त्यासाठी त्यात हायड्रॉलिक नसलेले, घट्ट टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आहेत, म्हणून ते चालताना हलकी, सलग टकटक ऐकू येते. ही टकटक म्हणजे बिघाड नव्हे. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे दोन जोड असतात आणि त्याच्या कुशीला व्हॅक्यूमचा गोल डबा नसतो. मागचा ॲक्सल ९ इंची, साध्या व्ही-८ चा ८ इंची. मडगार्डवरच्या २८९ च्या बिल्ल्यावर ‘हाय परफॉर्मन्स’ अशी जादा पट्टी असते, पण ती पट्टी कुठेही विकत मिळते. नंबराचं पाचवं अक्षर के नसेल तर ती के गाडी नाही.

जीटी आणि शेल्बी

जीटी पॅकेज एप्रिल १९६५ मध्ये, मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला जाहीर झालं. जाळीत फॉग लॅम्प, पुढे डिस्क ब्रेक, मागच्या पत्र्यातून बाहेर येणारे दोन सायलेंसर पाइप, दारांखाली पट्टे. पट्टे आणि दिवे आज कोणीही लावतं. पण जीटी फक्त ए आणि के इंजिनांवरच मिळत होती, त्यामुळे नंबरात सी किंवा टी असलेली ‘जीटी’ कारखान्याची असूच शकत नाही. जमिनीवर आडवं होऊन मागे टॉर्च मारा. खऱ्या जीटीत दुहेरी पाइप टांगण्यासाठी मागच्या सांगाड्याला कारखान्यातच जादा पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात.

कॅरोल शेल्बी या शर्यतपटूने मस्टँगवरून बनवलेल्या जीटी ३५० चा पाया नेहमी के इंजिनाची, सॅन होजेची फास्टबॅक, म्हणून फोर्डचा मूळ नंबर १९६५ साठी ‘५ आर ०९ के’ असाच सुरू व्हायला हवा. १९६५ मध्ये अशा फक्त ५६२ बनल्या. फास्टबॅकला मागे पत्र्याच्या जाळीऐवजी छोटी पारदर्शक काच दिसली, तर ती खूण १९६६ च्या जीटी ३५० ची.

उलट प्रकारही असतो. जर्मनीत ‘मस्टँग’ हे नाव आधीच क्रुप कंपनीकडे असल्यामुळे फोर्डने तिथे ही गाडी टी-५ या नावाने विकली. मस्टँग हे नावच नसलेली मस्टँग दिसली म्हणून तिला लगेच खोटी ठरवू नका.

‘नंबर जुळतात’ म्हणजे काय

विकणारा शेवटी म्हणतो, ‘इंजिन मूळचंच आहे, नंबर जुळतात.’ या दोन वर्षांच्या मस्टँगमध्ये गाडीचा नंबर फक्त के इंजिनांवर ठोकला जात होता. सी किंवा ए इंजिनावर तो नसतोच, म्हणजे तिथे जुळायला काही नाही. तिथे फक्त तारखांवरून अंदाज बांधता येतो. स्टार्टरपाशी, बऱ्याचदा स्टार्टर काढल्यावरच दिसणारी, ब्लॉक ओतल्याची तारीख असते. तिच्यात आधी वर्ष, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस: ५ ए १२ म्हणजे १२ जानेवारी १९६५. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेला असतो, म्हणून सप्टेंबरला जे येतो. ही तारीख दाराच्या पट्टीवरच्या तारखेच्या काही आठवडे आधीची असायला हवी. पट्टीवर १२ सी आणि ब्लॉकवर ५ बी ०३ असेल, तर इंजिन मूळचं असू शकतं. सिद्ध मात्र होत नाही. ब्लॉकवर ५ डी २० असेल, तर गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तो ब्लॉक अजून ओतलेलाच नव्हता.